मातृपद आणि प्रभूची सेवा

(कुटुंबांत व मंडळीच्या सभेंत वाचून विचार करण्यासाठीं पाठ)

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:१९–२८, २:१२–२१, ३:११–१८.

पाठाचा मुद्दा : आईपण ही देवानें नेमलेली सेवा आहे, परंतु तिचें ओझें आईनें एकटीनें वाहावें, असें देवानें कोठेंही सांगितलेलें नाहीं.



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरतांना पाळकाच्या कानांवर एक तक्रार वारंवार येते. ज्या स्त्रिया विश्वासांत थंड झाल्या आहेत त्यांची ती नव्हे. प्रभूसाठीं कांहीं करावें अशी ज्यांच्या मनांत खरी तळमळ आहे, त्यांचीच ती असते. “पाळकसाहेब, पहाटे उठल्यापासून रात्रीं पाठ टेकेपर्यंत मला उसंत नाहीं. पाणी भरायचें, भाकरी थापायच्या, पोरांना शाळेला धाडायचें, मग खुरपायला जायचें. शास्त्र उघडलें कीं धाकटं रडतंय. बायकांच्या सभेला निघावें तर सासूबाई म्हणतात, घर कोणी बघायचें? मग माझी कसली भक्ति आणि कसली सेवा?”

ही तक्रार लहान समजूं नये. हिच्या पोटीं दोन अनर्थ जन्मास येतात. कांहीं भगिनी स्वतःला अपात्र समजून हळूहळू प्रभुभोजनापासून दूर राहूं लागतात. मंडळीच्या वहींत त्यांचें नांव राहतें, पण त्या मागें सरतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचीं मुलेंही मागें सरतात. दुसऱ्या कांहीं भगिनी घराकडे पाठ फिरवून सेवेच्या कामांत पडतात, आणि कांहीं वर्षांनीं त्यांचीं मुलें म्हणतात कीं, मंडळीनें आमची आई आमच्यापासून नेली. अशीं मुलें मोठीं झाल्यावर प्रार्थनामंदिराची पायरी चढावयास नाखूष असतात. दोहोंकडे नुकसान आत्म्यांचेंच आहे. म्हणून पवित्र शास्त्र याविषयीं काय सांगतें, तें आज शांतपणें पाहूं.

१. चुकीचें माप

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, सेवेचें जें माप आपल्या भगिनी स्वतःला लावतात, तें त्यांच्या मापाचें नाहीं. आपल्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें. स्त्रियांमध्यें ज्यांनीं आरंभीं काम केलें त्यांत मिस सिंथिया फरार यांचें नांव अग्रभागीं आहे. त्या १८३९ सालीं मुंबईहून नगरास आल्या आणि १८६२ सालीं तेथेंच मरण पावेपर्यंत मुलींच्या शिक्षणासाठीं झटल्या. सावित्रीबाई फुले यांनींही त्यांच्या हाताखालीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें. ही सेवा थोर होती, यांत शंका नाहीं. परंतु मिस फरार अविवाहित होत्या. त्यांच्या कडेवर मूल नव्हतें, आणि चुलीपुढें बसून घरच्या दहा माणसांच्या भाकरी त्यांना थापाव्या लागत नव्हत्या.

अशा सेविकांचा कित्ता आपल्या मंडळ्यांनीं आदरानें गिरविला आणि त्यांतून एक समजूत नकळत रुजली. ती अशी कीं, जी स्त्री घराबाहेर पडून वस्त्यांवर सुवार्ता सांगते, सभा चालविते, शाळा काढते, तीच सेवा करते. आणि जी घरांत राहून लेंकरें वाढविते ती केवळ संसार करते. ही समजूत शास्त्राची नव्हे. अविवाहित सेविकेच्या दिवसाच्या मापानें चार लेंकरांच्या आईचा दिवस मोजणें म्हणजे पायलीनें कापड मोजण्यासारखें आहे. पायली खोटी नसते, कापडही खोटें नसतें. परंतु असें मोजणारा मात्र नेहमीं चुकतो.

२. हन्नेनें काय केलें

हन्नेची कथा आपण सर्व जाणतों. तिला मूल नव्हतें, तिनें शिलो येथें रडून प्रार्थना केली, नवस केला, आणि देवानें तिला शमुवेल दिला. बहुतेक उपदेश एवढ्यावरच थांबतात. पण पुढील वचनांत खेड्यांतील आईसाठीं तीन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या आपण सहसा पाहत नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं, मूल अंगावर पीत होतें तोंवर हन्ना शिलोच्या वार्षिक यज्ञास गेलीच नाहीं (१:२१–२३). सर्व घराणें गेलें, ती घरीं राहिली. तिचा नवस देवाला ठाऊक होता, एल्कानाला ठाऊक होता; तरी ती म्हणाली कीं, मुलाचें दूध तुटेपर्यंत मी येत नाहीं. यामुळें देव तिच्यावर रागावला, असें शास्त्रांत एक अक्षरही नाहीं. यावरून आपण शिकतों कीं, आईच्या आयुष्याला ऋतु असतात. पेरणीच्या दिवसांत कोणी कापणी मागत नाहीं. पाळण्यांत मूल असलेल्या आईकडे जी सेवा देव मागतो, ती तिच्या कुशींतच असते.

दुसरी गोष्ट एल्कानाची आहे. त्यानें पत्नीचें म्हणणें ऐकून घेतलें आणि तुला बरें वाटेल तसें कर, असें तिला सांगितलें. तो तिला ओढून यज्ञास घेऊन गेला नाहीं; मंडळी काय म्हणेल, याची भीति त्यानें तिला घातली नाहीं. घरांतील कर्त्या पुरुषानें आईला असा मोकळा शब्द दिला कीं तिची अर्धी चिंता उतरते.

तिसरी गोष्ट २:१९ यांत आहे. शमुवेल मंदिरांत सेवा करूं लागल्यावर त्याची आई दरवर्षीं त्याच्यासाठीं लहानसा अंगरखा करून नेत असे. पुढें तिला आणखी तीन मुलगे व दोन मुली झाल्या. म्हणजे घरांत पांच लेंकरें असतांही हन्ना त्या सहाव्यासाठीं अंगरखा शिवीत होती. गेल्या वर्षाचा अंगरखा यंदा अपुरा होणार, हें तिला कोणी सांगावें लागत नव्हतें. मुलगा केवढा वाढला असेल, याचा अंदाज ती मनांत बांधीत होती, आणि टांका घालतांना त्याचें नांव देवापुढें घेत असेल, असें मानावयास हरकत नाहीं. इस्राएलास शमुवेलासारखा संदेष्टा मिळाला, त्यांत या अंगरख्यांचाही वांटा आहे. मुलाचें दप्तर भरणारी, फाटका सदरा शिवणारी, तापांत रात्र जागून काढणारी आई याच सेवेंत आहे. मात्र हात चालत असतां तिचें मन प्रभूकडे असावें.

३. एलीच्या घरची गोष्ट

त्याच अध्यायांत दुसरें एक घर आहे. एली याजक होता. त्यानें ४० वर्षें इस्राएलाचा न्याय केला. लोकांसाठीं त्याचें दार उघडें होतें. पण त्याचे मुलगे हफनी व फिनहास हे दुराचारी झाले, आणि तो फार म्हातारा झाल्यावर त्यांना चार शब्द बोलला. मग देवानें बाल शमुवेलाच्या तोंडून त्यास जो निरोप धाडला तो कठोर आहे. आपले मुलगे काय करतात हें त्याला ठाऊक असतां त्यानें त्यांना आवरलें नाहीं, हा दोष देवानें त्याच्याच पदरीं घातला (३:१३).

वाचकहो, येथें थोडें थांबा. त्या दोन मुलांना आई असलीच पाहिजे. पण तिचें नांव शास्त्रांत नाहीं आणि देवानें तिला जाब विचारला नाहीं. जाब बापाला विचारला, आणि तो बाप देवाच्या मंदिराचा सेवक होता. आपल्या वस्त्यांत याच्या उलट चालतें. पोरगा वांकड्या वाटेला लागला कीं लोक म्हणतात, आईनें लाडावून ठेवला. आणि पोरगा शिकून मोठा झाला कीं म्हणतात, बापाचें नांव काढलें. शास्त्राचा न्याय असा एकांगी नाहीं.

कोणी उपदेशक बंधु म्हणेल कीं, प्रभूनें तर आईबाप, बायकामुलें यांहून मजवर अधिक प्रीति करा, असें सांगितलें आहे. होय, सांगितलें आहे. परंतु त्याच प्रभूनें मार्क ७:९–१३ यांत अशा लोकांना धिक्कारलें, जे घरच्यांच्या हक्काची वस्तु ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असें म्हणून हात झटकीत. त्या ठिकाणीं आईबापांचा हक्क बुडविला जात होता. पण तत्त्व एकच आहे. लेंकरांच्या वांट्याची संध्याकाळ ‘कुर्बान’ म्हणून बाहेर वाटून टाकणें ही प्रभूवरील प्रीति नव्हे. प्रभूवर अधिक प्रीति करणारा मनुष्य आपल्या घरावर अधिक चांगली प्रीति करावयास शिकतो.

४. आपल्या नगरांतील एक घर

या जुन्या करारांतील गोष्टी झाल्या. आतां आपल्याच नगरांत राहून गेलेलें एक घर पाहूं.

रे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें, कडक सोंवळें पाळणाऱ्या घरांत झाला होता. पतीनें धर्म बदलला म्हणून त्यांनीं बदलला नाहीं. त्या लहानग्या दत्तूला घेऊन कांहीं वर्षें आप्तांकडे राहिल्या. पुढें नगरास पतीजवळ आल्या, तरी आरंभीं चूल व पाणी निराळें ठेवलें. त्या शास्त्र वाचीत गेल्या, विचार करीत गेल्या. उच्चनीच भेद माणसांनीं केला, देवानें नव्हे, हें त्यांना हळूहळू पटलें. आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पांच वर्षें गेलीं, पण मिळाला तो विश्वास त्यांचा स्वतःचा होता. ज्या उपदेशकांच्या पत्नी केवळ पतीच्या मागून चालत आल्या आहेत, त्यांना ही गोष्ट धीर देईल. आईचा विश्वास उसना असूं नये, कारण मुलें उसनें व खरें लौकर ओळखतात.

टिळकांचा हात सढळ होता, हें सर्वश्रुत आहे. घरांत असेल तें देऊन टाकावें, पाहुणे न सांगतां आणावे, आणि पुढची विवंचना लक्ष्मीबाईंनीं करावी, असा त्या घरचा क्रम होता. दुष्काळाच्या व त्यानंतरच्या काळांत अनाथ, निराधार मुलांना या घरानें आसरा दिला; तरुण बालकवि ठोंबरे हेही येथें राहून गेले. आपण टिळकांचें औदार्य वाखाणतों, आणि तें वाखाणण्याजोगेंच आहे. पण ज्या ताटांतून तें औदार्य वाढलें जात होतें, तें ताट कोण वाढीत आणि कोण घांसत होतें, हें विचारीत नाहीं. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचें वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडिला. असा त्याग पुरुष करतो तेव्हां त्याची अर्धी किंमत घरची बाई भरते, आणि तिची पावती कोणी फाडीत नाहीं.

लक्ष्मीबाई मुकाट सोसणाऱ्या नव्हत्या. त्या रागावत, भांडत, हंसत आणि पुन्हां कामाला लागत. हें सर्व आपणांस ठाऊक आहे, कारण त्यांनीं तें लिहून ठेविलें. ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरें राहिलें होतें. ज्या बाईनें कधीं रीतसर शाळा पाहिली नव्हती, जिला लिहावयास वाचावयास पतीनें घरींच शिकविलें, तिनें त्या काव्याचे ६४ अध्याय रचून तें पुरें केलें. चिरंजीव देवदत्त यांच्या आग्रहावरून तिनें आपल्या आठवणी लिहिल्या; ‘स्मृतिचित्रें’ या नांवानें त्या १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झाल्या, आणि १९३६ सालींच त्या देवाघरीं गेल्या. मराठी भाषेंत या ग्रंथास आज केवढा मान आहे, तें सांगावयास नको.

यांतून दोन गोष्टी घ्याव्या. एक ही कीं, लेंकरांच्या व पाहुण्यांच्या गर्दींत जी वर्षें वायां गेलीं असें वाटत होतें, त्यांच वर्षांतून पुढें देवानें पीक काढलें. चूल, दुष्काळ, रुसवे, अनाथ पोरें हेंच त्या ग्रंथाचें धान्य झालें. दुसरी ही कीं, म्हातारपणीं मुलानें आईला लिहावयास बसविलें. जिनें त्याला वाढविलें, तिची सेवा फुलावी म्हणून त्यानें हात दिला.

५. सांभाळणारे दुसरे हात

पंडिता रमाबाई यांच्या केडगांवच्या मुक्तिसदनाविषयीं सर्वांनीं ऐकलें आहे. पण त्याही आई होत्या. त्यांची कन्या मनोरमा एप्रिल १८८१ मध्यें जन्मली, आणि ती वर्षाची होण्याआधींच तिचे वडील वारले. १८८३ सालीं मायलेकी इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीं वाँटेज येथें दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढें रमाबाईंच्या कामामुळें मनोरमेला पुष्कळ काळ आईपासून दूर राहावें लागलें, आणि तिच्या सांभाळाचा बराच भार वाँटेजच्या सेवाभगिनींनीं उचलला. हा वियोग दोघींनाही सोपा नव्हता. थोर सेवेचीही किंमत घरांतून द्यावी लागते. तरी मनोरमा मोठी झाल्यावर आईचा उजवा हात झाली. २४ जुलै १९२१ रोजीं ती वारली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या.

रमाबाईंच्या धैर्याचा गौरव करतांना आपण ते दुसरे हात विसरूं नये. मोशेचे हात जड झाले तेव्हां अहरोन व हूर यांनीं ते दोहों बाजूंनीं वर धरले (निर्गम १७:१२). मोशे अधिक विश्वासू असता तर हात दुखले नसते, असें कोणी म्हटलें नाहीं. आईचे हात जड होतात, यांत तिच्या विश्वासाची उणीव नाहीं. तिच्याजवळ अहरोन आणि हूर आहेत कीं नाहींत, हा खरा प्रश्न आहे.

६. आतां काय करावें

आईनें : लांब प्रार्थना होत नाहीं म्हणून प्रार्थनाच सोडूं नये. आपल्या आज्या जात्यावर ओवी गात. आतां दळण गिरणीवर जातें, पण भाकरी थापतांना जीभ मोकळीच असते. एक वचन सकाळीं मुलाकडून वाचून घ्यावें आणि दिवसभर तेंच मनांत घोळवावें. रात्रीं निजतांना प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या नांवानें एक वाक्य प्रार्थना करावी. एवढें दररोज झालें तर तें थोडें नाहीं. ज्या भगिनीचा पति विश्वासांत नाहीं तिनें तीमथ्याची आई युनीके आठवावी. तिचा पति हेल्लेणी होता, तरी तिचा व आजी लोईस हिचा विश्वास तीमथ्यांत उतरला (२ तीमथ्य १:५). आजीलाही यांत कामगिरी आहे, हें सासूबाईंनीं ऐकावें.

पित्यानें, विशेषतः उपदेशक बंधूनें : आठवड्यांतील एक संध्याकाळ घरासाठीं राखावी आणि ती पाळावी. पत्नी स्त्रियांच्या सभेंत बोलत असतां धाकटें मूल आपल्या मांडीवर घ्यावें. त्यांत पुरुषाची लाज नाहीं. पाहुण्यास घरीं आणण्यापूर्वीं डब्यांत पीठ आहे कीं नाहीं, तें विचारावें. वेतनांतील किंवा मजुरींतील पैसा दारूंत किंवा मोठेपणांत न घालवितां तिच्या हातीं द्यावा.

मंडळीनें : स्त्रियांच्या सभेची वेळ पुरुषांनीं ठरवूं नये, पाण्याची पाळी, टँकर, खुरपणी व मुलांची शाळा पाहून ती स्त्रियांनींच ठरवावी. सभेच्या वेळीं वडील भगिनींनीं आळीपाळीनें लहान मुलें सांभाळावीं. ऊसतोडणीच्या हंगामांत जीं कुटुंबें गांव सोडतात, त्यांचीं मुलें मागें आजीआजोबांकडे राहिलीं असतील तर त्यांच्या शाळेची व जेवणाची विचारपूस मंडळीच्या पंचांनीं करावी. विधवा भगिनीला किंवा दारुड्याच्या पत्नीला नुसता उपदेश करूं नये. पायली दोन पायली बाजरी घेऊन जावें, मग प्रार्थना करावी. आणि जिला मूल नाहीं तिच्यापुढें मातृपदाची थोरवी गातांना सांभाळून बोलावें; हन्नाही पुष्कळ वर्षें रडली होती, आणि तेव्हांही देव तिचें ऐकत होता.

७. विचारासाठीं प्रश्न

१. हन्ना यज्ञास गेली नाहीं तेव्हां एल्काना काय म्हणाला? आपल्या घरांत असा शब्द शेवटीं केव्हां उच्चारला गेला?
२. एलीच्या मुलांविषयीं देवानें कोणाला जाब विचारला, आणि कां?
३. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंनीं पांच वर्षें विचार केला. त्या काळांत मंडळीनें अशा भगिनीशीं कसें वागावें?
४. आपल्या मंडळींत कोणत्या आईचे हात आज जड झाले आहेत? तिचा अहरोन कोण होईल, आणि हूर कोण?

चौथ्या प्रश्नाचें उत्तर सभेंत मोठ्यानें देऊं नये. प्रत्येकानें मनांत एक नांव घ्यावें, घरीं गेल्यावर त्या नांवासाठीं प्रार्थना करावी, आणि येत्या रविवारापूर्वीं त्या भगिनीच्या दारीं जाऊन विचारावें, “बाई, पाणी भरून देऊं, कीं पोरगं धरूं?” देवाच्या कृपेनें या एका प्रश्नानें पुष्कळ घरांत उपासनेस बसण्यापुरती उसंत मिळेल. तो कृपाळू प्रभु, ज्यानें वधस्तंभावरूनही आपल्या आईला योहानाच्या हातीं सोंपविलें, आपणां सर्वांस एकमेकांचीं ओझीं वाहण्यास बळ देवो. आमेन.